मालवणच्या हिरव्या पाण्यात रंगीत फोटो: कमी खर्चात लाईट कसे जमवावेत

मासळी बाजारात तांबोशी लालबुंद दिसते. तीच तांबोशी १० मीटर खोल पाण्यात भेटली तर राखाडी दिसते, फोटोत हिरवट राखाडी, आणि वर अंगावर पीठ उडाल्यासारखे पांढरे ठिपके. तारकर्ली-मालवणला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला कॅमेरा घेऊन उतरलेल्या बहुतेकांचे पहिले पन्नास फोटो असेच येतात. मग माणूस चिडून ऑनलाईन ‘१०,००० लुमेन’वाला (लुमेन म्हणजे प्रकाशाचं माप) लाईट मागवतो आणि पुढच्या खेपेला ठिपके दुप्पट होतात.

हा लेख ॲक्शन कॅमेरा किंवा हाउसिंगमधला (पाणी न शिरणाऱ्या खोक्यातला) कॉम्पॅक्ट कॅमेरा असलेल्या, पण लाईटवर एकदम लाखभर रुपये घालायची तयारी नसलेल्या डाइव्हरसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम खर्चाचाही आहे. आधीच्या पायरीवर काम भागलं तर पुढचा खर्च करू नका.

१. पाणी रंग कसा खातं ते आधी समजून घ्या

पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषतं. अगदी स्वच्छ पाण्यातसुद्धा ५ मीटरवर लाल प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्सा उरतो, १० मीटरवर जेमतेम तीन-चार टक्के. निळ्या समुद्रात त्यामुळे सगळं निळं दिसतं. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक भर पडते: सूक्ष्म वनस्पती आणि खाड्यांतून येणारा गाळ-कुजका पाला निळा रंगही खातात. उरतो तो हिरवा.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की लाईटचा प्रकाश माशापर्यंत जातो आणि तिथून परत कॅमेऱ्यापर्यंत येतो. मासा १ मीटरवर असेल तर प्रवास २ मीटरचा आणि वाटेत जवळपास निम्मा लाल रंग गेला. मासा ३० सेंमीवर असेल तर ८० टक्के लाल परत येतो. त्यातच अंतर दुप्पट झालं की प्रकाशाची तीव्रता चौथाईवर येते, हा हिशेब वेगळाच. म्हणजे दुप्पट जवळ जाणं हे चौपट ताकदीचा लाईट घेण्यापेक्षाही फायद्याचं, आणि ते फुकट आहे.

अंदाजासाठी एक ठोकताळा: पाण्यात जितकं लांबवर दिसतं, त्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा लांबच्या गोष्टीवर लाईट वाया घालवू नका. मालवणला बऱ्याच दिवशी ३ ते ८ मीटर दिसतं. म्हणजे तुमची हद्द ६० सेंमी ते दीड मीटर. पूर्ण सिंधुदुर्ग किल्ल्याचा पायथा उजळायचं स्वप्न इथेच सोडा. अंदमानच्या पाण्याचे नियम थोडे सैल असतात, पण तिथेही दोन मीटरपलीकडे छोटा लाईट काही करत नाही.

२. दिवस आणि वेळ निवडा

लाईटच्या खरेदीइतकाच फरक पंचांग पाहिल्याने पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, तळ ढवळला जातो. सप्तमी-अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी मंद असतं आणि गाळ बसलेला असतो. दिवसभरातही भरती भरत आल्यावरची वेळ साधा. ओहोटी लागली की देवबागजवळच्या कर्ली नदीच्या मुखातून, तसंच इतर खाड्यांतून गढूळ पाणी बाहेर येतं. बोटवाल्याला ‘पाणी निवळ कधी असेल’ एवढं विचारलंत तरी तो नेमकी वेळ सांगेल. त्याला ॲपची गरज नसते.

उतरण्याआधी स्वतःकडेही बघा. पर्यटकांच्या ‘ट्राय डाइव्ह’मध्ये प्रशिक्षकाने तुमची टाकी धरलेली असते, तिथे ट्रे आणि आर्म (कॅमेरा बसवायची पट्टी आणि लाईट धरणारा दांडा) घेऊन जाण्यात अर्थ नाही. ओपन वॉटर कोर्स झालेला असावा आणि त्यानंतर किमान दहा-पंधरा डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय झालेल्या असाव्यात. तळापासून अर्धा मीटर वर, हात न हलवता एक मिनिट स्थिर राहता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर फिनने उडालेला गाळ कोणताही लाईट झाकू शकत नाही; उलट तो उजळून दाखवतो.

३. पहिला खर्च: जवळजवळ काहीच नाही

५ मीटरपर्यंत, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, सूर्य पाठीशी घेतला तर लाईटशिवाय चांगले फोटो मिळतात. त्यासाठी तीन गोष्टी करा.

कॅमेऱ्यात रॉ फाईलची (कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या माहितीची) सोय असेल तर ती सुरू करा. जेपेगमध्ये मेलेला लाल रंग नंतर ओढून काढला की चित्र दाणेदार होतं. रॉमध्ये बरीच जागा मिळते.

कस्टम व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं काय ते कॅमेऱ्याला स्वतः दाखवणं, जमत असेल तर पांढऱ्या स्लेटवर किंवा तळाच्या फिकट वाळूवर तो सेट करा. दर दोन-तीन मीटरला खोली बदलली की पुन्हा करावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण फरक लगेच दिसतो.

मग फिल्टर. साधारण ५०० ते २,००० रुपयांत मिळतो. इथे बहुतेकजण चुकतात: लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो. हिरव्या पाण्यासाठी मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-जांभळट, फिल्टर लागतो. मालवणात लाल फिल्टर लावला की चित्र पिवळट-मातकट होतं. अंदमान-लक्षद्वीपला लाल, कोकण-गोव्याला मॅजेंटा. दोन्ही फिल्टर प्रकाश अडवतात, एक ते दोन स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) नुकसान होतं, म्हणून ढगाळ दिवशी आणि १२-१५ मीटरच्या खाली ते निरुपयोगी. ३ मीटरच्या वर तेच चित्र लालेलाल करतात. आणि सर्वांत मोठा सापळा: फिल्टर लावलेला असताना पांढरा लाईट लावू नका. लाईट आला की फिल्टर काढायचा. दोन्ही एकत्र वापरले तर जवळचा मासा शेंदूर फासल्यासारखा दिसेल.

४. तुमच्या कॅमेऱ्याला काय चालतं

गोप्रोसारख्या ॲक्शन कॅमेऱ्याला फ्लॅश नसतो आणि स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा वेगळा फ्लॅश, पेटवायची सोयही नसते. त्यामुळे तुमच्यासाठी पर्याय एकच: सतत पेटणारा व्हिडिओ लाईट. हे कॅमेरे साधारण ३० सेंमीच्या आतलं धूसर टिपतात, म्हणून बारीक जिवांसाठी वरून लावायची मॅक्रो लेन्स लागते.

ऑलिंपस टीजी-६ किंवा ओएम सिस्टम टीजी-७ सारखा कॉम्पॅक्ट असेल तर दोन्ही वाटा खुल्या. कॅमेरा नुसता १५ मीटरपर्यंत चालतो असं कंपनी सांगते, पण डाइव्हिंगला हाउसिंग घ्याच. अंतर्गत फ्लॅशची ठिणगी ऑप्टिकल केबलने स्ट्रोबपर्यंत नेण्याची जागाही हाउसिंगवरच असते. मायक्रोस्कोप मोडमध्ये हा कॅमेरा लेन्सपासून १ सेंमीवर फोकस करतो, त्यामुळे कमी बजेटमध्ये नुडीब्रँक (रंगीत, बिनशंखाची समुद्री गोगलगाय) आणि कोळंबीसाठी याला तोड नाही.

फोन पिशवीत घालून नेणार असाल तर लाईटचा विचारच करू नका. पिशवीतला फोनचा फ्लॅश प्लास्टिकवरून परततो आणि सगळं धुरकट होतं.

५. व्हिडिओ लाईट विकत घेताना

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून थोडं थांबून वाचा.

लुमेनचा दावा बॅटरीवरून तपासा. एका अस्सल १८६५० सेलमध्ये (टॉर्चमधला जाडसर लिथियम सेल) साधारण ३,५०० एमएएच क्षमता असते. ३.७ व्होल्टने गुणलं तर सुमारे १३ वॉट-तास. चांगला एलईडी एका वॉटमागे साधारण १०० लुमेन देतो. म्हणजे एका सेलवर १,००० लुमेन तासा-सव्वा तासापुरते. ‘एक सेल, १०,००० लुमेन’ लिहिलं असेल तर तो लाईट खरा असला तरी सात-आठ मिनिटांत विझायला हवा. तो तासभर चालतो असंही लिहिलेलं असतं. म्हणजे दोनपैकी एक तरी खोटं. तसंच सेलवर ‘९,९०० एमएएच’ छापलेलं दिसलं की तो दुकानदाराला परत द्या. त्या आकारात तेवढी क्षमता बसतच नाही.

कोन बघा, नुसती ताकद नको. शोध घ्यायच्या टॉर्चचा झोत ८-१० अंशांचा असतो. फोटोत मधे एक पांढरा गोल आणि भोवती अंधार. फोटोला १०० ते १२० अंशांचा झोत हवा. हा आकडा बहुधा हवेतला असतो. सपाट काचेचा १२० अंशांचा लाईट पाण्यात गेल्यावर सुमारे ८० अंशांवर येतो, १०० अंशांचा सुमारे ७० वर. ॲक्शन कॅमेऱ्याचा वाइड कोन त्याहून मोठा असल्याने कडा काळ्या राहतात. कॅमेरा ‘लिनियर’ (कमी रुंद कोनाच्या) मोडवर ठेवला की जुळतं.

रंगाची प्रत बघा. सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप) ९० किंवा वर असेल तर लाल रंग खराच लाल येतो. स्वस्त एलईडीचा सीआरआय ७० च्या आसपास असतो, आणि त्यात नेमका लालच कमी असतो. ज्या रंगासाठी लाईट घेतला तोच त्यात नाही, अशी गंमत होते. १,५०० लुमेनचा ९० सीआरआयवाला लाईट ३,००० लुमेनच्या ७० वाल्यापेक्षा पाण्याखाली उजवा ठरतो. रंगतापमान ५,००० ते ५,६०० केल्विन असावं.

खोली मीटरमध्ये लिहिलेली हवी. नुसतं ‘आयपीएक्स८’ (पाणी न शिरण्याची श्रेणी) म्हणजे डाइव्हिंगला योग्य असा अर्थ होत नाही. ती खोली कंपनी स्वतः ठरवते आणि ती दीड मीटरही असू शकते. किमान ६० मीटरचा दावा असलेला घ्या. तुम्ही १२ मीटरलाच जाणार असलात तरी तिथे दाब पृष्ठभागाच्या दुपटीहून जास्त असतो आणि दर वेळी बटण दाबताना सीलवर आणखी ताण येतो.

बटण एकच असेल तर लाईट बॅगेत आपोआप पेटणार नाही याची कुलूपसोय आहे का ते विचारा. मंद लाल प्रकाशाची सोय असेल तर रात्रीच्या डाइव्हला उपयोगी पडते. खेकडे आणि कोळंबी लाल प्रकाशाला फारशा बिचकत नाहीत.

भावाचा अंदाज: साधी डाइव्ह टॉर्च साधारण ३ ते ६ हजार, नावाजलेल्या कंपनीचा २,०००-२,५०० लुमेनचा खराखुरा वाइड लाईट १२ ते २५ हजार. परदेशातून मागवला तर सीमाशुल्क धरूनच हिशेब करा. दोन स्वस्त लाईटऐवजी एक चांगला घ्या. दुसरा पुढच्या हंगामात येईल.

६. स्ट्रोब कधी घ्यावा

व्हिडिओ लाईट फोटोला कमी का पडतो ते बघा. २,५०० लुमेनचा लाईट १/१२५ सेकंदात जेवढा प्रकाश टाकतो, त्याच्या कित्येक दहापट प्रकाश छोटा स्ट्रोब एका झटक्यात टाकतो. हा झटका हजारांश सेकंदाच्या आसपास संपतो, म्हणून हलणारा मासाही गोठतो आणि भोवतालचं हिरवं पाणी गडद करता येतं. फोटोच काढायचे असतील, व्हिडिओ नाही, तर पैसे साठवून सरळ स्ट्रोब घेणं शेवटी स्वस्त पडतं. फोटो-व्हिडिओ दोन्ही हवं तर आधी व्हिडिओ लाईट.

कॅटलॉगमधला गाइड नंबर (स्ट्रोबच्या ताकदीचं माप) हवेतला असतो. पाण्यात तो साधारण एक तृतीयांश धरा. २० चा झाला ७. त्याला मीटरमधल्या अंतराने भागलं की ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकडा) मिळतं: आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ला अर्ध्या मीटरवर एफ/१४, एक मीटरवर एफ/७. इनॉन एस-२००० या जातीचा, चार एए सेलवर चालणारा छोटा स्ट्रोब यासाठी पुरेसा आहे. नवा स्ट्रोब ३० हजारांपासून वर जातो, वापरलेला त्याच्या निम्म्या-पाऊण किमतीत मिळतो.

वापरलेला घेताना समोर बसून तपासा: बॅटरीच्या कप्प्यात हिरवा गंज नाही ना, झाकणाचे आटे गुळगुळीत आहेत ना, पूर्ण ताकदीवर सलग २० झटके देतो ना. नव्या चार्ज केलेल्या सेलवर दोन झटक्यांमध्ये चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर किंमत खाली आणा किंवा सोडून द्या.

सेल निकेल-मेटल हायड्राइडचे, १,९००-२,००० एमएएचचे, एनलूप जातीचे घ्या. साधे अल्कलाइन सेल एकदम जास्त वीज देऊ शकत नाहीत, त्यामुळे स्ट्रोब तयार व्हायला वेळ लागतो आणि मासा निघून जातो. चारही सेल एकाच वेळी घेतलेले, एकाच वेळी चार्ज केलेले असावेत. एक थकलेला सेल बाकीच्या तिघांना ओढून खाली आणतो.

केबलवर पैसे वाचतात. टीव्ही-साउंडबारला लागणारी ऑप्टिकल ऑडिओ केबल, टॉसलिंक, कापून वापरता येते. कापलेलं टोक बारीक पॉलिशपेपरवर घासून गुळगुळीत करा, एक टोक हाउसिंगच्या फ्लॅशच्या खिडकीला आणि दुसरं स्ट्रोबच्या सेन्सरला घट्ट टेकवा. उरलेली खिडकी काळ्या इन्सुलेशन टेपने पूर्ण झाका, नाहीतर कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लेन्ससमोरचा गाळ उजळून टाकेल. भर उन्हात दहा झटके देऊन तपासा. घरात चाललेली केबल उन्हात दगा देते.

फोटो सारखे काळे येत असतील तर नव्वद टक्के वेळा कारण प्रीफ्लॅश असतं. कॅमेरा आधी एक मोजणीचा झटका देतो, स्ट्रोब त्यालाच खरा समजून पेटतो आणि खऱ्या फोटोच्या वेळी रिकामा असतो. स्ट्रोबवर प्रीफ्लॅश ओळखणारा मोड निवडा, किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअलवर सर्वांत कमी ताकदीला ठेवून स्ट्रोबही बिनप्रीफ्लॅशच्या मोडवर आणा. दोन्हीकडे एकच पद्धत हवी.

एक घरगुती उद्योग मात्र अजिबात करू नका: जमिनीवरचा फ्लॅश बरणीत सीलबंद करून नेणं. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास विजेचा साठा असतो. खारं पाणी शिरलं तर फ्लॅश तर जातोच, उघडणाऱ्यालाही जबर झटका बसतो.

७. ट्रे आणि आर्म

लाईट कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा नाही, यासाठी हा खर्च आहे. तो टाळू नका. लाईट थोडा लहान घ्या पण आर्म घ्या.

ट्रे २५ ते ३० सेंमी रुंद, हँडलसह. ट्रे आणि एक आर्म मिळून साधारण ३ ते ५ हजार. आर्मचे दोन प्रकार: २५ मिमी गोळ्यांचे, क्लँपने जोडायचे ॲल्युमिनियमचे, आणि मणक्यासारखे लवचिक प्लास्टिकचे. लवचिक आर्म म्हणजे लेथ मशीनवर कूलंट सोडायला जी वाकवता येणारी नळी असते, तिचाच भाऊ. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठल्याही शहरातल्या मशीन-टूलच्या दुकानात ती स्वस्त मिळते. पाऊण इंची घ्या. अर्धा इंची मान टाकते. २०० ग्रॅमपर्यंतचा लाईट ती धरते, त्यापेक्षा जड असेल तर गोळ्यांचाच आर्म. पाण्याखाली वजन कमी होत असलं तरी बोटीवरून कॅमेरा खाली घेताना नळी निखळते, म्हणून लाईटला वेगळी दोरी बांधा.

डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारी पांढरी चकती, घरी होतो. श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण लाईटच्या तोंडाएवढं गोल कापा, दोन भोकं पाडून रबरबँडने लावा. मधला पांढरा डाग मऊ होतो. प्रकाश अंदाजे एक स्टॉपने कमी होतो, हे धरून चाला. पण डब्याचं झाकण व्हिडिओ लाईटला फक्त पाण्यात गेल्यावरच लावा. हवेत पेटलेला शक्तिशाली लाईट ते वितळवेल.

स्नूट, म्हणजे प्रकाशाची बारीक नळी, हवी असेल तर २५ मिमी इलेक्ट्रिकल पाइपचा ८-१० सेंमी तुकडा आतून काळा रंगवून टॉर्चपुढे बसवा. नुडीब्रँक काळ्या पार्श्वभूमीवर एकट्याच उजळतात.

८. लाईट धरायचा कुठे

सगळ्या लेखातली महत्त्वाची पायरी ही. बॅकस्कॅटर, म्हणजे ते पांढरे ठिपके, लेन्स आणि मासा यांच्या मधल्या पाण्यातल्या कणांवर प्रकाश पडल्याने येतात. कॅमेऱ्याच्या नजरेचा एक शंकू आणि लाईटचा दुसरा शंकू डोळ्यासमोर आणा. हे दोन शंकू माशाच्या आधी जितके कमी एकमेकांत शिरतील तितके ठिपके कमी.

मासा अर्धा मीटरवर असेल तर लाईट बाजूला ३० ते ४० सेंमी काढा. लाईटचं तोंड लेन्सच्या काचेच्या थोडं मागे ठेवा. मग लाईट माशावर रोखू नका. सरळ पुढे किंवा किंचित बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे झोताची आतली कड तेवढी माशाला चाटून जाईल. मधला प्रखर भाग वाया जातोय असं वाटतं. जाऊ द्या. गढूळ पाण्यात तोच भाग ठिपके पेटवतो.

एकच लाईट असेल तर घड्याळातल्या १० च्या जागी, डावीकडे वर. सूर्यप्रकाशही वरून येतो, म्हणून सावली नैसर्गिक वाटते. दुसरा लाईट आला की तो २ च्या जागी, निम्म्या ताकदीवर. दोन्ही सारखे ठेवले की चित्र सपाट होतं.

बारीक जिवांसाठी उलट करा. लेन्स आणि जीव यांत ५-१० सेंमीच पाणी आहे, तिथे गाळाला जागाच कमी. लाईट लेन्सच्या अगदी शेजारी आणा आणि ४५ अंशांत आत वळवा. कमी बजेटमध्ये सर्वांत चांगले फोटो इथेच निघतात, म्हणून सुरुवात मॅक्रोने करा. कॉम्पॅक्टचा स्वतःचा फ्लॅशसुद्धा हाउसिंगच्या पांढऱ्या डिफ्यूझरमागून ३० सेंमीच्या आत चालून जातो.

आणखी एक फसवणूक: पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा पाव अंतराने जवळ दिसते. १ मीटरवरचा मासा ७५ सेंमीवर आहे असं वाटतं. डोळ्याला दिसतो तिथे लाईट रोखला तर झोत माशाच्या अलीकडेच एकवटतो, नेमका गाळावर. म्हणून लाईट नेहमी वाटतं त्यापेक्षा बाहेर वळवा.

घरी सराव करायला उदबत्ती पुरते. रात्री खोली अंधारी करा, कॅमेऱ्यासमोर अर्धा मीटरवर एखादी मूर्ती ठेवा, उदबत्तीचा धूर सोडा आणि लाईट पेटवा. झोताची कड धुरात स्पष्ट दिसते. आर्म हलवून बघत जा. धूर काळा राहून मूर्ती उजळली की कोन बरोबर. आर्मच्या जोडांवर मार्करने खुणा करून ठेवा. पाण्यात झोत अरुंद होतो, त्यामुळे तिथे किंचित आत वळवावा लागेल, एवढाच फरक.

पाण्यात जवळ जाताना प्रवाहाला तोंड देऊन जा, तुमचा गाळ मागे वाहील. वाळूवर हात टेकू नका, प्रवाळाला लाईट किंवा ट्रे टेकवू नका. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. एका समुद्रघोड्यावर चाळीस झटके मारून मिळणारा एकेचाळिसावा फोटोही तसाच असतो.

९. सुरुवातीची सेटिंग

ॲक्शन कॅमेरा आणि व्हिडिओ लाईट: व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ५,५०० केल्विनला बांधा, आयएसओची कमाल ८००, एक्स्पोजर उणे ०.५.

मॅन्युअल मोड असलेला कॅमेरा आणि स्ट्रोब: आयएसओ २००, १/१२५, एफ/८. पाणी फार फिकट आलं तर शटर वेगवान करा, मासा फार उजळ आला तर स्ट्रोबची ताकद कमी करा. शटर पाण्याचा रंग ठरवतं, स्ट्रोब माशाचा. दोन्ही एकदम बदलू नका.

टीजीमध्ये पूर्ण मॅन्युअल नाही. तिथे पाण्याखालचा मॅक्रो मोड निवडा, फ्लॅश सक्तीने चालू ठेवा आणि एक्स्पोजर उणे १ पासून सुरुवात करा. कॅमेऱ्याचा पडदा अंधाऱ्या पाण्यात फार चमकदार दिसतो, म्हणून फोटो ठीक वाटतो आणि घरी काळा निघतो. हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर) विश्वास ठेवा.

१०. सील, पाणी आणि बॅटरी

सोबत ठेवायचं सामान: झाकणाची १० लिटरची बादली आणि गोडं पाणी, मायक्रोफायबरचे दोन रुमाल, जादा ओ-रिंग (झाकणाच्या सीलची लवचिक कडी), कंपनीने दिलेलं ग्रीस, जुनं प्लास्टिकचं एटीएम कार्ड, सिलिका जेल, टिश्यू, जादा सेल प्लास्टिकच्या डबीत, दोन मीटर दोरी आणि एक हूक. डाइव्हिंगचं कार्ड आणि वैद्यकीय फॉर्म अर्थातच.

ओ-रिंग प्लास्टिक कार्डाच्या कोपऱ्याने काढा. सेफ्टी पिनने काढलेल्या रिंगला चीर पडते. एक केस किंवा वाळूचा एक कण पाणी आत घ्यायला पुरेसा. ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, रिंग फक्त चकाकेल इतकं. जास्त लावलं तर वाळू धरून ठेवतं. सिलिकॉनच्या रिंगला साधं सिलिकॉन ग्रीस लावलं की ती फुगते, म्हणून ज्या कंपनीची रिंग तिचंच ग्रीस. व्हॅसलीन आणि खोबरेल तेल दूर ठेवा.

हाउसिंग प्रत्येक हंगामात पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू घालून खाली न्या. टिश्यू कोरडा आला की मग कॅमेरा. प्रत्येक डाइव्हआधी सगळं बादलीत बुडवून अर्धा मिनिट बघा. सुटा बुडबुडा चालतो, बुडबुड्यांची माळ चालत नाही. कॅमेरा हातात धरून उडी मारू नका. तुम्ही पाण्यात गेल्यावर बोटीवरून खाली घ्या.

व्हिडिओ लाईट पाण्याने थंड होतो. बोटीवर पूर्ण ताकदीने पेटवून ठेवला तर एक-दोन मिनिटांत तापतो, आतलं सील मऊ पडतं.

वर आल्यावर मीठ सुकू देऊ नका. अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवा, बुडलेलं असतानाच प्रत्येक बटण दहा वेळा दाबा. लाईटमध्ये पाणी शिरल्याची शंका आली तर झाकण तोंडापासून आणि इतरांपासून लांब धरून हळू उघडा, कारण भिजलेला लिथियम सेल आत वायू साठवतो. तो सेल पुन्हा चार्ज करायचा नाही, कोरडा दिसला तरी.

विमानाने जात असाल तर सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत, टोकं झाकून. लाईटमधले सेलही काढून ठेवा. सुरक्षा तपासणीत वेळ वाचतो आणि बॅगेत लाईट पेटत नाही.

११. पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर कोकणातलं डाइव्हिंग बंद, आणि सामान खराब होण्याचे महिने नेमके हेच. लिथियम सेल पूर्ण चार्ज करून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा. एए सेल स्ट्रोबमधून काढा. ओ-रिंग काढून छोट्या पिशवीत घाला, झाकणं सैल ठेवा, म्हणजे रिंग दबून चपटी होत नाही. सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत घाला. ॲल्युमिनियम क्लँपचे स्क्रू काढून आटे घासा. वर्षभर तसेच राहिले तर मीठ त्यांना असं धरतं की पुढच्या ऑक्टोबरला पक्कड लागते.